विश्लेषण : फादर, सिस्टर की ‘सर’? कॅथलिक शाळेच्या मुख्याध्यापकाची खुर्ची कोण भरते?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेबाबत, म्हणजे टीईटीबाबत, निकाल दिला. मथळे झाले ते शिक्षकांच्या नोकऱ्यांचे. त्याच निकालातला दुसरा भाग मात्र मागे पडला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून (आरटीई) २०१४ मध्ये सरसकट मिळालेली सूट बरोबर होती का, अशी शंका खंडपीठाने घेतली आणि हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. बातमी हातात आल्यावर आमच्या डेस्कवर पहिला प्रश्न पडला तो हा, की ही सूट गेली तर उद्या कॉन्व्हेंट शाळेचा मुख्याध्यापकही सरकारी नियमाने ठरणार का?

थोडक्यात उत्तर ‘नाही’ असे आहे. मुख्याध्यापक निवडण्याचा हक्क आरटीईच्या सुटीवर उभाच नाही, तो त्याहून बराच जुना आहे. खुर्ची बदलते आहे हे खरे, पण त्याची कारणे वेगळी आहेत.

आधी हे स्पष्ट करू : कॅथलिक शाळा कोणती?

नावात ‘सेंट’ किंवा ‘कॉन्व्हेंट’ असले म्हणजे शाळा कॅथलिक असते असे नाही. पुण्याची बिशप्स आणि मुंबईची कॅथीड्रल अँड जॉन कॉनन या अँग्लिकन परंपरेतल्या शाळा आहेत. गल्लोगल्ली दिसणाऱ्या अनेक ‘कॉन्व्हेंट’चा तर कुठल्याच चर्चशी संबंध नसतो. चर्चच्या कायद्यानुसार (१९८३ ची धर्मसंहिता, कलम ८०३) शाळा कॅथलिक ठरण्यासाठी ती चर्चच्या अधिकृत संस्थेने चालवलेली तरी असावी लागते किंवा तिला तशी लेखी मान्यता तरी असावी लागते. बिशपच्या संमतीशिवाय ‘कॅथलिक शाळा’ हे नाव लावता येत नाही.

अशा शाळांचे दोन मोठे गट आहेत. एक धर्मप्रांताच्या शाळा. धर्मप्रांत म्हणजे बिशपचे कार्यक्षेत्र. मुंबई महाधर्मप्रांताचे स्वतंत्र शिक्षण मंडळ आहे आणि सुमारे दीडशे शाळा त्याच्या छत्राखाली येतात. दुसरा गट धर्मसंघांच्या शाळांचा. फोर्टमधली सेंट झेवियर्स (१८६९) आणि वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस (१८६३) जेझुइटांच्या, माटुंग्याची डॉन बॉस्को सेलेशियन संघाची, आणि मुलींच्या बहुतेक जुन्या कॉन्व्हेंट वेगवेगळ्या धर्मभगिनींच्या संघांच्या.

हा फरक कळला नाही तर पुढचे काहीच कळत नाही, कारण मुख्याध्यापकाच्या नेमणुकीचे पत्र कुठून येते ते यावरच ठरते.

खुर्चीपर्यंत पोहोचण्याच्या वाटा

पहिली वाट फादर, ब्रदर आणि सिस्टरांची. तरुण मुलगी संघात दाखल होते, काही वर्षांच्या तयारीनंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकपणाची व्रते घेते. बीए-बीएड कुठे करायचे, कोणत्या शाळेत शिकवायचे, हे संघ ठरवतो. पुढे एक दिवस प्रांताच्या प्रमुखाचे पत्र येते की अमुक शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू व्हा. इथे अर्ज नसतो, मुलाखत नसते, पगाराची बोलणी तर नसतातच. पदावरून उतरतानाही असेच पत्र येते. शहरातल्या नामांकित शाळेत मुख्याध्यापिका असलेली सिस्टर पुढच्या वर्षी आदिवासी भागातल्या वसतिगृहात काम करताना दिसू शकते. कॉर्पोरेट भाषेत याला पदावनती म्हणतील. संघात ती नुसती बदली असते.

दुसरी वाट प्रापंचिक शिक्षकांची. विवाहित, घरसंसार असलेली, शाळेतच सहशिक्षक म्हणून लागलेली माणसे. पुढे पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक आणि मग मुख्याध्यापक. धर्मप्रांताच्या शाळांमध्ये एका शाळेतून दुसऱ्या शाळेत बदलीही होते. निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, इतर अनुदानित शाळांप्रमाणेच.

मुख्याध्यापकाच्या वर कोण, हे कागदावर काढायला बसलो तेव्हा मी चार्ट दोनदा खोडला. धर्मप्रांताच्या शाळेत स्थानिक चर्चचा प्रमुख धर्मगुरू बहुधा शाळेचा व्यवस्थापक असतो. त्याच्या वर शिक्षण मंडळाचा सचिव, त्याच्या वर बिशप. धर्मसंघाच्या शाळेत ही साखळी संघाच्या प्रांतप्रमुखाकडे जाते. पण धर्मसंहितेचे कलम ८०६ सांगते, की आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येक कॅथलिक शाळेला भेट देण्याचा आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचा हक्क बिशपला आहे, शाळा संघाची असली तरी. राष्ट्रीय पातळीवर बिशप परिषदेचे (सीबीसीआय) शिक्षण कार्यालय धोरण ठरवते. देशभरात सुमारे १४ हजार शाळा या परिषदेशी जोडलेल्या आहेत. तरीही दिल्लीतून कुणी मुख्याध्यापक नेमत नाही. हे जाळे एका मुख्यालयातून चालत नाही आणि पालकांचा गोंधळ नेमका इथेच होतो. एका शाळेची तक्रार दुसऱ्या संघाच्या प्रमुखाकडे नेऊन काही हाती लागत नाही.

ज्येष्ठ शिक्षकाला डावलता येते का?

या विषयातला सगळ्यात दुखरा मुद्दा हाच.

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांना १९७७ चा एमईपीएस कायदा आणि १९८१ चे नियम लागू आहेत. नियम ३ नुसार मुख्याध्यापकपदी शाळेतला सर्वांत ज्येष्ठ शिक्षक नेमायचा असतो, त्याची सेवा समाधानकारक असली म्हणजे झाले. माध्यमिक शाळेसाठी पदवी, बीएड आणि किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली दोन वर्षे बीएडनंतरची. म्हणून साध्या अनुदानित शाळेत स्टाफरूममधल्या सगळ्यांना पाठ असते, की कदम सरांनंतर कुलकर्णी बाई आणि त्यांच्यानंतर शेख सर.

पण याच कायद्याचे कलम ३(२) अल्पसंख्याक शाळेसाठी वेगळे दार उघडते. अशा शाळेचा प्रमुख आणि व्यवस्थापनाने शिक्षण संचालक किंवा उपसंचालकांना कळवलेल्या जास्तीत जास्त तीन व्यक्ती, यांच्या भरतीला हा कायदा लागू होत नाही. सरळ अर्थ असा, की पंचवीस वर्षे शिकवलेल्या शिक्षिकेच्या वर बाहेरून आलेली, वयाने लहान सिस्टर मुख्याध्यापिका होऊ शकते आणि त्या शिक्षिकेला केवळ ज्येष्ठतेच्या आधारावर दाद मागता येत नाही.

ही सवलत विधिमंडळाने केवळ उदार होऊन दिलेली नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०(१) ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. ‘चालवणे’ म्हणजे काय, यावर न्यायालयांत अर्धशतकाहून अधिक काळ खल झाला. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात १९७४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने विद्यापीठाचा हस्तक्षेप रोखला. १९९८ मध्ये एन. अम्मद प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की मुख्याध्यापक निवडणे हा संस्था चालवण्याच्या हक्काचा गाभा आहे आणि सरकारने फार तर त्या पदाची पात्रता व सेवाशर्ती ठरवाव्यात. २००६ मध्ये केरळमधल्या मलंकारा सिरियन कॅथलिक कॉलेजच्या प्रकरणात प्रश्न थेट ज्येष्ठतेचा होता. ज्येष्ठ प्राध्यापकाने दावा केला, राज्याचा कायदाही त्याच्या बाजूने होता, तरी निकाल संस्थेकडे गेला. संस्था सरकारी अनुदान घेते एवढ्याने हा हक्क जात नाही, हेही त्यात स्पष्ट झाले.

न्यायालयांचा तर्क समजण्यासारखा आहे. शाळेचा स्वभाव मुख्याध्यापक ठरवतो, आणि तो बाहेरच्यांनी निवडला तर ‘चालवण्याचा हक्क’ कागदावरच राहील. पण तर्क पटला तरी किंमत कुणीतरी मोजतेच. पगार सरकारी तिजोरीतून, अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, विद्यार्थी सर्व धर्मांचे, आणि सर्वांत वरची खुर्ची मात्र निवडक लोकांसाठी, हा प्रश्न शिक्षकांच्या मनात येणारच. माझ्या मते त्यावर उत्तर कायदा बदलण्यात नाही. निवड कशी झाली हे व्यवस्थापनाने लेखी सांगावे, एवढे तरी करता येईल. हक्क आहे म्हणून कारण सांगू नये, असे कुठल्याच निकालात म्हटलेले नाही.

मग टीईटीच्या निकालाने काय बदलते?

इथे दोन वेगवेगळ्या सुटी एकात मिसळल्या जातात. मुख्याध्यापक निवडीचा हक्क अनुच्छेद ३० मधून येतो. आरटीईची सूट आली २०१४ च्या प्रमती निकालातून. त्या निकालाने २५ टक्के राखीव प्रवेशासह संपूर्ण आरटीई कायदाच अल्पसंख्याक शाळांपुरता बाजूला ठेवला. २०२५ मध्ये शंका घेतली गेली आहे ती या दुसऱ्या सुटीवर. खंडपीठाने म्हटल्यानुसार, मोठ्या खंडपीठाचा निर्णय येईपर्यंत अल्पसंख्याक शाळांना हा कायदा आणि पर्यायाने टीईटीची सक्ती लागू नाही. इतर शाळांतल्या, पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांना मात्र दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना परीक्षेतून सूट आहे, पण बढती हवी असेल तर परीक्षा आहेच.

प्रमती निकाल उलटला तर कॅथलिक शाळेच्या शिक्षकांना टीईटी द्यावी लागेल आणि प्रवेशाचे गणितही बदलू शकेल. मुख्याध्यापक कोण, हे तरीही संस्थाच ठरवील. निवडीसाठी उपलब्ध माणसांची यादी तेवढी आखूड होईल.

प्रमतीवरच्या टीकेला आकड्यांचा आधारही आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या धार्मिक अल्पसंख्याक शाळांपैकी जवळपास ७२ टक्के शाळा ख्रिस्ती समाजाच्या आहेत, तर अल्पसंख्याक लोकसंख्येत या समाजाचा वाटा साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे. ख्रिस्ती शाळांतले ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांबाहेरचे आहेत. एक बाजू म्हणते, मग ही सूट कुणासाठी? दुसरी बाजू म्हणते, शाळा सर्वांसाठी खुल्या आहेत याचाच हा पुरावा. आकडा एकच, आणि दोघांनाही तो सोयीचा आहे.

२०२० चा एक निकालही ध्यानात ठेवायला हवा. पश्चिम बंगालमधल्या मदरशांसाठी शिक्षक निवडणारा सेवा आयोग सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. अल्पसंख्याक संस्थेतली निवड पूर्णपणे संस्थेच्या मर्जीवर असते, या समजुतीला त्याने तडा दिला. चर्चच्या कायदेतज्ज्ञांनी काळजी करायचीच असेल तर टीईटीपेक्षा या निकालाची करावी.

पगार कोणाचा, कर कोणाचा?

अनुदानित शाळेतल्या सिस्टर मुख्याध्यापिकेला सरकारी वेतनश्रेणीनुसार पगार मिळतो. पण तिने दारिद्र्याचे व्रत घेतलेले असते. धर्मसंहितेनुसार संघातल्या व्यक्तीने श्रमाने कमावलेले सारे संघाचे होते. मग प्राप्तिकर कुणी भरायचा?

ब्रिटिश काळापासून, १९४४ च्या एका परिपत्रकाच्या आधारे, अशा पगारातून कर कापला जात नव्हता. २०१४ पासून कापायला सुरुवात झाली आणि वाद न्यायालयात गेला. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कर विभागाची बाजू उचलून धरली. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही संघांची अपिले फेटाळली. मुद्दा साधा होता. पगार त्या व्यक्तीच्या नावे निघतो, नंतर तो कुणाला दिला हे कर कापणाऱ्याने पाहायचे नसते.

निकाल करापुरता आहे, पण त्याने एक गोष्ट ठरवून टाकली. चर्चच्या दृष्टीने ही माणसे संसारातून बाहेर पडलेली असतील, शासनाच्या दृष्टीने मात्र ती पगारदार कर्मचारी आहेत. मुख्याध्यापकाच्या जबाबदाऱ्याही त्यांना तशाच आणि तेवढ्याच लागू होतात.

एक खुर्ची, तीन साहेब

या जबाबदाऱ्या काय असतात? यू-डायसची माहिती, सरल, आधारजोडणी, संचमान्यता. पटसंख्या घसरली की शिक्षकाचे पद जाते, म्हणून पट टिकवणे ही मुख्याध्यापकाची वर्षभराची चिंता असते, विशेषतः मराठी माध्यमात. वसई परिसरात मराठी बोलणारा मोठा कॅथलिक समाज आहे. धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथलेच. मराठी माध्यमाच्या शाळांना पट टिकवण्याची झळ तिथेही चुकत नाही. फीवाढ असेल तर २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक कार्यकारी समितीपुढे जावे लागते आणि त्या समितीचा अध्यक्ष पुन्हा मुख्याध्यापकच. मराठी विषय सक्तीचा करणारा २०२० चा कायदाही सर्व शाळांना लागू आहे. इथे अल्पसंख्याक दर्जा कामाला येत नाही.

सर्वांत गंभीर जबाबदारी मुलांच्या सुरक्षेची. पॉक्सो कायद्याच्या कलम २१(२) नुसार हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने पोलिसांना कळवला नाही तर एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर ही तरतूद प्रत्येक शाळेत नव्याने वाचली गेली असेल. फादर किंवा सिस्टर मुख्याध्यापक असतील तर त्यांच्यावर चर्चचाही नियम आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशानुसार धर्मगुरूंनी किंवा संघातल्या व्यक्तींनी केलेल्या अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती चर्चच्या वरिष्ठांना कळवणे बंधनकारक आहे. पण बिशपला कळवले म्हणून पोलिसांना कळवण्याचे कर्तव्य संपत नाही. गल्लत होण्याची भीती इथे असते आणि तिची किंमत मूल मोजते.

तिसरे साहेब म्हणजे पालक आणि त्यांच्यामागचे राजकारण. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोचीतल्या पल्लुरुथी इथल्या सेंट रीटाज पब्लिक स्कूलमध्ये आठवीतल्या विद्यार्थिनीच्या हिजाबवरून वाद पेटला. गणवेश सर्वांना सारखा, ही शाळेची भूमिका. मुख्याध्यापिका स्वतः धर्मभगिनी, त्यांच्या डोक्यावर त्यांच्या संघाचे वस्त्र, हा विरोधाभास समाजमाध्यमांनी लगेच उचलला. शाळा दोन दिवस बंद ठेवावी लागली, शिक्षणमंत्री मध्ये पडले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि अखेर पालकांनी मुलीला दुसऱ्या शाळेत घालण्याचा निर्णय घेतला. त्याच्या उलट बाजूचे उदाहरण आसामचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या एका संघटनेने शाळांतली ख्रिस्ती चिन्हे आणि फादर-सिस्टरांचा पेहराव हटवण्याची मुदत दिली होती. त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये बिशप परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका आणि रोजच्या परिपाठात राज्यघटनेची उद्देशिका वाचा, असे त्यात आहे. सूचना दिल्लीच्या, पण सकाळी साडेसातला गेटवर उभे राहून त्या पाळायच्या मुख्याध्यापकाने.

फादर-सिस्टरच कमी झाले तर?

जगभरातल्या धर्मभगिनींची संख्या १९७० च्या सुमारास दहा लाखांच्या घरात होती, ती आता सहा लाखांच्या खाली आली आहे. सर्वाधिक घट युरोप-अमेरिकेत आहे. भारतात परिस्थिती तितकी बिकट नाही, पण कुटुंबे लहान झाली आणि मुलींना शिक्षण-नोकरीच्या इतर वाटा मोकळ्या झाल्या, याचा परिणाम इथेही होणारच.

पुढे काय होते ते अमेरिकेने पाहिले आहे. तिथे १९६५ च्या सुमारास कॅथलिक शाळांत ५२ लाख विद्यार्थी होते, आता सुमारे १७ लाख उरले आहेत. व्रतस्थ शिक्षक आज तिथे नगण्य आहेत. त्यामुळे शाळा चालवणे हा तिथे प्रापंचिकांचा रीतसर पेशा झाला. धर्मप्रांताच्या सर्व शाळांवर देखरेख करणारा सुपरिंटेंडंट जाहिरात देऊन नेमतात, नोत्र दाम विद्यापीठात अशा प्रमुखांना घडवणारा स्वतंत्र अभ्यासक्रमही आहे. अर्थात पगारही द्यावे लागले. सिस्टरांच्या जवळजवळ फुकट श्रमांवर उभी असलेली कमी फी तिथे टिकली नाही आणि शाळा बंद पडण्यामागचे ते एक मोठे कारण ठरले.

भारतात अनुदानित शाळांचा पगार सरकार देते, म्हणून हा धक्का थेट बसणार नाही. विनाअनुदानित शाळांना मात्र बसू शकतो. मुख्याध्यापकपदी प्रापंचिक व्यक्ती आली की पगार, निवृत्तिवेतन, मुदत, बदली, सगळे लेखी हवे असते. व्रताच्या भरवशावर चाललेल्या व्यवस्थेला हे सगळे नव्याने लिहून काढावे लागेल.

शिक्षकांनी काय तपासावे?

कॅथलिक शाळेत बरीच वर्षे काढलेल्या आणि मुख्याध्यापकपदाची अपेक्षा असलेल्या शिक्षकाने तीन कागद पाहावेत. संस्थेकडे राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाचे किंवा राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाचे प्रमाणपत्र आहे का. कलम ३(२) खाली प्रमुखाशिवाय कोणती नावे शिक्षण उपसंचालकांना कळवली आहेत, कारण ती तीनच असू शकतात. आणि नेमलेल्या व्यक्तीकडे पदाची किमान पात्रता आणि अनुभव आहे का. ज्येष्ठतेचा दावा बहुधा टिकणार नाही. पात्रतेचा मुद्दा मात्र न्यायालयांनी कायम मोकळा ठेवला आहे, अल्पसंख्याक शाळांसाठीसुद्धा.